वीतभर रणगाड्याचा प्रामाणिकपणा

पोळा जवळ आला की खानदेशातील गावोगावची मुले मातीचे बैल घडवू लागतात. त्या बैलांना कोणी मोजपट्टी लावीत नाही. तरीही वशिंड भलत्याच ठिकाणी बसले किंवा शिंगांची ठेवण बिघडली, तर ओट्यावर बसलेला वृद्ध शेतकरी ते तत्काळ ओळखतो आणि पोराला पुन्हा माती मळायला लावतो. आयुष्यभर बैलाच्या संगतीत वावरलेल्या माणसाला खोटा बैल खपत नाही. वस्तू लहान असली म्हणून ती खोटी असावी असे नव्हे, हे शहाणपण पहूरच्या पेठेत किंवा कसब्यात कोणाला शिकविण्याची गरज नाही. प्रश्न एवढाच आहे, की बैलाच्या बाबतीत दिसणारी ही काटेकोर नजर इतिहासाच्या बाबतीत कोठे लुप्त होते?

हा प्रश्न सुचण्याचे निमित्त वरकरणी क्षुल्लक वाटेल. जगातील अनेक देशांत प्रौढ, सुशिक्षित माणसे रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती तयार करण्यात महिनेच्या महिने घालवितात. जपानच्या टामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचा प्लास्टिकचा संच बाजारात आणला. आत विजेची छोटी मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून त्याचे प्रमाण पस्तिसास एक असे ठरले, आणि सोयीखातर स्वीकारलेले हे प्रमाण पुढे जगभर रूढ झाले. आपल्याकडेही मोठ्या शहरांतून या छंदाचे उपासक आहेत आणि आता टपालाने असा संच खेड्यातही पोहोचू शकतो. परंतु ‘खेळण्यातला टँक’ या दोन शब्दांत या उद्योगाची बोळवण करण्याची घाई कोणी करू नये. खेळणे आणि प्रतिकृती यांच्यात मूलभूत भेद आहे. खेळण्यातला रणगाडा हा कोणताही रणगाडा असतो. प्रतिकृती मात्र एका विशिष्ट रणगाड्याची, विशिष्ट पलटणीतील, विशिष्ट दिवशीची असते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर असा एक विशिष्ट रणगाडा पहूरपासून एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर उभा आहे. अहमदनगर, म्हणजे २०२४ सालापासूनचे अहिल्यानगर, हे स्वतंत्र भारताच्या रणगाडा दलाचे माहेरघर होय. तेथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या संस्थेने १९९४ साली उघडलेल्या संग्रहालयात सुमारे पन्नास चिलखती वाहने मांडलेली आहेत. पहिल्या महायुद्धकाळातील रोल्स रॉईसची चिलखती मोटार, दुसऱ्या महायुद्धातील माटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, तसेच १९६५च्या युद्धात गाजलेला पॅटन तेथे पाहावयास मिळतो. याच संस्थेने ‘फामागुस्ता’ नावाचा एक सेंच्युरियन रणगाडा जतन करून ठेवला आहे. सायप्रस बेटावरील एका बंदराचे नाव धारण करणारा हा रणगाडा ‘पूना हॉर्स’ या पलटणीचा. १८१७ साली पुण्यात उभी राहिलेली ही पलटण १९७१ साली शकरगड भागात लढत होती. १६ डिसेंबर १९७१ रोजी, ज्या दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली त्याच दिवशी, बसंतर नदीपलीकडे जरपालजवळ या रणगाड्यातून सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल लढले. पुण्यात जन्मलेला हा अधिकारी तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि सैन्यात दाखल होऊन त्याला अवघे सहा महिने झाले होते. रणगाड्याने पेट घेतल्यावर तो सोडून देण्याचा आदेश मिळाला असता, तोफ अजून चालते आहे या कारणास्तव त्याने मागे फिरण्यास नकार दिला. त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले आणि त्यांपैकी चार एकट्या खेतरपाल यांनी उडविले, असे त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात नमूद आहे.

एवढी हकिगत शाळेच्या पुस्तकातून किंवा भाषणातून पुष्कळांच्या कानांवर गेलेली असते. ती ऐकून ऊर भरून येतो, टाळ्या पडतात आणि विषय संपतो. परंतु समजा, पहूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने ‘फामागुस्ता’ची प्रतिकृती करावयाची ठरविली, तर त्याच्यासाठी विषय तेथे संपत नाही, तो तेथे सुरू होतो. सेंच्युरियनचे एकूण प्रकार डझनाहून अधिक. बाजारात मिळणारा संच बहुधा तिसऱ्या किंवा पाचव्या प्रकारचा असतो. पूना हॉर्सकडे होता तो प्रकार कोणता? त्याच्या तोफेच्या नळीवर मध्यभागी धूर खेचून घेणारा फुगवटा होता की नळी सरळ होती? साखळीपट्ट्यांवरील बाजूचे पोलादी पत्रे त्या दिवशी जागेवर होते की सुरुंग पेरलेल्या चिखलाट भूमीतून जाताना ते काढून ठेवलेले होते? जेएक्स २०२ हा क्रमांक कोठे आणि किती उंचीच्या अक्षरांत रंगविलेला होता? बुरुजावर कोणत्या पिशव्या, कोणते दोर, कोणती जाळी बांधलेली होती? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘शौर्य’, ‘बलिदान’ या शब्दांनी देता येत नाही. त्यासाठी छायाचित्रे जमवावी लागतात, पलटणीचे इतिहास वाचावे लागतात आणि जे त्या दिवशी तेथे होते त्यांना विचारावे लागते. वीरपूजेत माणूस मान लववितो. प्रतिकृती करताना त्याला मान वर करून नीट पाहावे लागते.

या कामातील गणितही मोठे बोधप्रद आहे. तोफेसह सुमारे पावणेदहा मीटर लांबीचा आणि पन्नास टनांच्या आसपास वजनाचा सेंच्युरियन पस्तिसास एक या प्रमाणात अठ्ठावीस सेंटिमीटरचा, म्हणजे वीतभराहून थोडा अधिक होतो. त्यात उभा राहणारा अधिकारी जेमतेम पाच सेंटिमीटरचा. मात्र प्रमाण लहान झाले म्हणून चूक लहान होत नाही. प्रतिकृतीवर रंगाचा एक दशांश मिलिमीटर थर जाड बसला, तर खऱ्या रणगाड्याच्या मापात तो साडेतीन मिलिमीटरचा लेप ठरतो आणि त्याखाली खिळ्यांची डोकी व सांध्यांच्या रेषा बुजून जातात. म्हणून प्रत्येक भाग चौकटीतून कापून घ्यावा लागतो, त्याची काठ कानशीने साफ करावी लागते, आधी अस्तराचा हात आणि त्यावर पातळ रंगाचे अनेक हात द्यावे लागतात. मग खाचांतून गडद रंगाचे पाणी सोडावयाचे, ते वाळले की कोरड्या कुंचल्याने कडा उजळावयाच्या आणि अखेरीस जेथे सैनिकांचे बूट घासतात तेथेच रंग उडालेला दाखवावयाचा. कोठे चिखल उडेल, कोठे तेल ओघळेल, कोठे धुराने काजळी धरेल, याचा विचार केल्याविना यांतील एकही पायरी नीट पार पडत नाही. यंत्र कसे चालते हे ज्याला कळले नाही, त्याला ते मळलेले कसे दिसते हेही कळत नाही.

खरी पंचाईत होते ती रंगाच्या बाबतीत. त्या काळची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांतून हिरव्या रंगाची छटा सापडत नाही. जी थोडी रंगीत आहेत त्यांचे रंग काळाने उतरलेले असतात. मग प्रत्यक्ष वस्तूकडे वळावे, तर उघड्यावर मांडलेल्या कोणत्याही लढाऊ वाहनावर ऊन-पावसापासून रक्षण व्हावे म्हणून दर काही वर्षांनी नवा रंग चढवावा लागतो. हे स्वाभाविक आणि आवश्यकही आहे. परंतु गावोगावच्या चौकांत आणि उद्यानांत मांडलेल्या जुन्या रणगाड्यांची, तोफांची आणि विमानांची आजची अवस्था पाहिली, तर रंगकाम कशाच्या आधारे होते, असा प्रश्न पडतो. कोठे लोखंडी फाटकाला लावावा तसा चकचकीत तेलरंग, कोठे चाकांना शोभेखातर पांढरी कड, तर कोठे मूळ क्रमांकावरच फिरविलेला ब्रश. चौथऱ्यावरच्या फलकावर उद्घाटकांची नावे सविस्तर असतात. हे वाहन कोणत्या पलटणीचे, कोणत्या युद्धात, कोणत्या भूमीवर लढले, याचा मात्र उल्लेख नसतो. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. उलट बहुतेक ठिकाणी आदरच आहे. परंतु ज्या आदराला तपशिलाची गरज वाटत नाही तो आदर इतिहासाला हळूहळू पुसून टाकतो.

नकलेचे मोल काय असते, हे खरे तर पहूरच्या परिसराइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असू नये. ज्या अजिंठ्याच्या डोंगरातून वाघूर नदी खाली उतरते, त्याच अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या हुबेहूब नकला करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली मद्रासच्या सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची नेमणूक केली. अनेक वर्षे खपून त्याने मोठाले कापडी पट रंगविले. ते लंडनला गेले आणि त्यांपैकी बहुतेक १८६६ साली क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाले. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा तेच काम केले, आणि त्यांतील अनेक नकलाही १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. तथापि ज्या उरल्या त्यांचे महत्त्व आज कोणी नाकारीत नाही. कारण दरम्यानच्या दीडशे वर्षांत मूळ भिंतींवरचे काही रंग विरले, काही पोपडे गळून पडले. जे भिंतीवर राहिले नाही ते नकलेत राहिले. गिल १८७९ साली निवर्तला आणि भुसावळात त्याचे दफन झाले. मूळ वस्तू थकते, झिजते, नाहीशी होते, तेव्हा साक्ष देण्याची पाळी नकलेवर येते. मात्र ती नक्कल प्रामाणिक असली तरच तिची साक्ष ग्राह्य धरावयाची. अजिंठ्याच्या चित्राला जो न्याय, तोच बसंतरच्या रणगाड्यालाही लागू आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. चित्र हे करुणेचे असते, रणगाडा हे संहाराचे यंत्र. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर ते प्रथम उतरले. गुप्तता राखण्यासाठी इंग्रजांनी त्याला पाण्याच्या टाकीचे नाव दिले. मराठीने मात्र ‘रणगाडा’ हा सरळ, रोखठोक शब्द घडविला. अशा यंत्राची लहान मुलांनी हौसेने प्रतिकृती करावी, म्हणजे त्यांच्या मनात युद्धाची गोडी रुजविण्यासारखे नव्हे काय? हा आक्षेप खेळण्याला तंतोतंत लागू पडतो. खेळण्यातल्या रणगाड्यात माणसे नसतात. तो कधी जळत नाही. त्याने उडविलेल्या शत्रूला घर नसते. प्रामाणिक प्रतिकृतीची गोष्ट वेगळी आहे. ‘फामागुस्ता’ करणाऱ्याला बुरुजाचे झाकण उघडे ठेवावयाचे असेल, तर आतली अडचणीची जागा पाहावी लागते. त्या जागेत चार माणसे दारूगोळ्याला खेटून बसत, हे त्याच्या ध्यानात येते. आदळणाऱ्या गोळ्याची खूण कोठे दाखवावयाची याचा विचार करताना, त्या जागेच्या मागे कोण बसले होते, हा विचार टाळता येत नाही. खेतरपाल यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेतरपाल, २००१ साली पाकिस्तानात गेले असता ज्या पाकिस्तानी अधिकाऱ्याच्या रणगाड्याने त्यांच्या पुत्राचा वेध घेतला होता, त्यानेच त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि ही गोष्ट स्वमुखाने सांगितली. युद्धाचा हा चेहरा घोषणांतून दिसत नाही. तो तपशिलाच्या जवळ गेल्यावरच दिसतो. काटेकोरपणा हा युद्धज्वरावरचा उतारा आहे, त्याचे खाद्य नव्हे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. कापूस आणि केळी यांच्या भावाने जेथे शेतकरी गांजलेला आहे, तेथे परदेशी प्लास्टिकच्या महागड्या संचांचे कौतुक कोणाला? हेही खरे आहे. म्हणून संचाचा आग्रह धरण्याचे कारण नाही. पुठ्ठा, पत्रा, सायकलच्या तारा, आगपेटीच्या काड्या आणि शाडू यांतूनही प्रमाणबद्ध प्रतिकृती होऊ शकते. आवश्यक असते ती मोजपट्टी आणि मोजमापांचा विश्वसनीय आराखडा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेतील शाळकरी मुलांकडून लढाऊ विमानांच्या बहात्तरास एक या प्रमाणातील लाकडी प्रतिकृती करवून घेण्यात आल्या. त्या सैनिकांना आपले विमान कोणते व शत्रूचे कोणते हे ओळखावयास शिकविण्यासाठी होत्या आणि म्हणूनच त्यांत मापाची चूक चालत नसे. हस्तकलेच्या तासाला लोकोपयोगी शिस्तीचे रूप कसे देता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय. वरणगाव आणि भुसावळ येथे आयुधनिर्माणी असलेल्या, तंत्रशाळांतून दरवर्षी शेकडो मुले बाहेर पडणाऱ्या जळगाव जिल्ह्यात हे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये.

उणीव आहे ती आराखड्यांची. जर्मन रणगाड्याच्या प्रत्येक खिळ्याची जागा सांगणारी पुस्तके जगात सहज मिळतात. परिणामी खानदेशातल्या हौशी मुलालाही ‘टायगर’ जितका परिचित असतो तितका आपल्या सैन्याचा सेंच्युरियन किंवा आवडीला तयार झालेला ‘विजयंता’ परिचित नसतो. यात त्या मुलाचा दोष नाही. जे उपलब्ध असते तेच शिकले जाते. सैन्याच्या संग्रहालयांनी जुन्या, आता सेवेत नसलेल्या वाहनांची मोजमापे, रंगांचे नमुने, क्रमांक आणि चिन्हे यांची छोटी मराठी पुस्तिका काढली, तर त्यात कोणते गुपित फुटणार आहे? पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे हे रणगाडे केव्हाच निवृत्त झाले आहेत. जेथे जेथे चौकात असे वाहन उभे आहे, तेथील नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने पुढचा रंग देण्यापूर्वी जाणत्या माणसाचा एक कागदी सल्ला घ्यावा आणि फलकावर चार ओळी वाहनासंबंधीही लिहाव्यात. याला पैसा फारसा लागत नाही. लागते ती थोडी लाज.

सर्वांत तातडीचे काम मात्र माणसांविषयीचे आहे. १९७१ साली जो जवान विशीत होता तो आज पंचाहत्तरीच्या आगेमागे आहे. १९६५च्या लढाईतले तर आता मोजकेच उरले असतील. अशी माणसे खानदेशातील खेड्यांतून आहेत. स्वातंत्र्यदिनी त्यांना शाल-श्रीफळ मिळते आणि दोन शब्द बोलण्याची विनंती होते. त्यांना दोन शब्द नकोत, दोन प्रश्न हवे आहेत. तुमच्या गाडीचा रंग कसा होता? रात्री तुम्ही कोठे निजत होता? असे प्रश्न सेवानिवृत्त माणसाला कोणी विचारीत नाही, कारण विचारणाऱ्याला त्या उत्तराची गरज नसते. प्रतिकृती करणाऱ्या मुलाला ती गरज असते. १९६५ साली अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने नेमके किती पॅटन फोडले, याचे आकडे निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळे आढळतात. पाहणारे हयात असताना विचारले नाही, की पुढे असेच होते. त्या वीराचे मोठेपण त्यामुळे उणे होत नाही. उणे होते ते त्याच्या देशाचे चोखंदळपण.

पहूरला हे सांगताना लांबचे उदाहरण घेण्याचेही कारण नाही. पाचोरा ते जामनेर या छप्पन्न किलोमीटरच्या मार्गावर, अडीच फुटांच्या रुळांवरून, पहूरला थांबा घेत शंभर वर्षे धावलेली ‘पीजे’ २०२० साली करोनाच्या काळात थांबली. पुढे या मार्गाच्या रुंदीकरणाचा प्रकल्प मंजूर झाला. मोठी गाडी येईल, यावी, तिचे स्वागतच होईल. परंतु त्या छोट्या गाडीच्या डब्यांचा रंग काय होता, आधीची वाफेची इंजिने कशी दिसत, बाकांची रचना कशी होती, हे आज गावातला प्रत्येक प्रौढ माणूस सांगू शकतो. आणि आणखी तीस वर्षांनी कदाचित कोणीही सांगू शकणार नाही. एखाद्या शाळेने याच वर्षी मोजपट्टी घेऊन, जुन्या प्रवाशांना व कर्मचाऱ्यांना विचारून त्या गाडीची बिनचूक प्रतिकृती तयार केली, तर ज्या हातांना ‘पीजे’ साधली त्यांना पुढे ‘फामागुस्ता’ही साधेल.

मातीचा बैल पाहून ‘वशिंड चुकले’ असे म्हणणारा म्हातारा कोणी इतिहासकार नसतो. त्याने बैल पाहिलेला असतो, एवढेच. ज्यांनी रणगाडा पाहिला, आगगाडी पाहिली, युद्ध पाहिले, ती माणसे अजून ओट्यावर बसलेली आहेत. तोवर चुकलेले वशिंड दुरुस्त करून घेता येईल.